डोळे मिटल्याची लाट

१

माझं शिक्षण सातवीपर्यंत. हे आधीच सांगून टाकतो. पण माणसाच्या डोक्यावर तारा कशा बसवायच्या, हे मोठमोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं आहे आणि मी त्यांना शिकवलं आहे.

रुग्णालयात मेंदूचा आलेख काढायची खोली होती. तिथे एक्केचाळीस वर्षं काम केलं. पहिली तीन वर्षं फरशी पुसली. मग आधीचा माणूस आजारी पडला आणि साहेबांनी माझ्या हातात मोजपट्टी दिली. नाकाच्या मुळापासून मानेवरच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजायचं. मेणाच्या पेन्सिलने एकवीस खुणा करायच्या. प्रत्येक खुणेवर केस बाजूला सारून, कातडी घासून, पेस्ट लावून तारेच्या टोकाची चांदीची वाटी चिकटवायची. मी लावलेली वाटी कधी सुटली नाही.

दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत आरामखुर्ची आणि एक मंद दिवा. खिडकी नाही. बाहेरच्या खोलीत यंत्र. मध्ये काच आणि एक दार. यंत्र जुनं होतं, सोळा पेनांचं, घडीच्या कागदाचं. नवीन येणार, नवीन येणार असं तीन वर्षं चाललं होतं. मला घाई नव्हती. जुन्या यंत्राला आवाज होता. पेनं कागदावर खरखरायची आणि आत काय चाललं आहे ते मला पाठमोरा असलो तरी कळायचं. दात आवळले की सगळी पेनं एकदम थरथरतात. पापणी लवली की कपाळाची पेनं खाली बुडी मारून वर येतात. नजर उजवीकडे गेली की दोन्ही कानशिलांच्या रेघा एकमेकींपासून फाकतात. डावीकडे गेली की जवळ येतात.

प्रत्येक आलेखाची सुरुवात ठरलेली. मी सांगायचं, "डोळे मिटा." की डोक्याच्या मागच्या बाजूला लाट सुरू होते. सेकंदाला दहा, कंगव्याच्या दातांसारखी. "डोळे उघडा." की लाट मोडते. असं तीन वेळा. डॉक्टर तिला आल्फा म्हणतात. मी डोळे मिटल्याची लाट म्हणतो. आम्ही दोघं एकच बोलतो.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्या माणसांच्या मेंदूत काय होतं, ते त्यांना पाहायचं होतं. बारा माणसं हवी होती. पंधरा वर्षांच्या वर ध्यान केलेली. अकरा मिळाली. बारावा माणूस आयत्या वेळी नाही म्हणाला.

माझी बायको अठरा वर्षं ध्यानाला बसत होती. दुपारची जेवणं झाली की मागच्या खोलीत दीड तास. अठरा वर्षं मी एकच म्हणत आलो, की ही झोप काढते.

त्या दिवशी घरी जाऊन तिला सांगितलं.

"चल एकदा. म्हणजे सोक्षमोक्ष लागेल."

"कसला?"

"झोपेचा. झोप लागली की कागदावर लपत नाही. लाट मोडते, संथ होते, मग टोकदार उभार येतात. शाळेतलं पोरही ओळखेल."

"आणि झोप नसली तर?"

"तर मानेन."

"मोठ्याने मानायचं," ती म्हणाली. "मुलीसमोर. नाहीतर तुम्ही मनातल्या मनात मानाल आणि मला कळायचंही नाही."

मी तिला तिथे नेलं ते असं. डॉक्टरीणबाईंनी नेलं नाही. मी नेलं.

२

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या डोक्याला मी असा हात कधी लावला नव्हता. डोकं माझ्या अंदाजापेक्षा लहान निघालं. मागे डाव्या बाजूला केसांत एक जुनी खोक लागली.

"हे काय?"

"झोपाळ्यावरून पडले होते. पाच वर्षांची असताना."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? आज पगार मिळतोय म्हणून डोकं चाचपताय."

डॉक्टरीणबाई बाहेर हसल्या. "काका, काकूंना पेस्ट कमी लावा हं. धुताना त्रास होतो."

"पेस्ट लागते तेवढी लागते," मी म्हटलं.

डोळे मिटा, डोळे उघडा झालं. लाट चांगली होती. मग ती बसली. मी दार ओढून बाहेर आलो.

पहिली दहा मिनिटं लाट मोठी होत गेली. मागून पुढे सरकली. डॉक्टरीणबाई कागदावर वाकल्या होत्या. त्यांना आनंद झाला होता. पंधराव्या मिनिटाला लाट संथ झाली. मी म्हटलं, आली झोप. पण झोपेचे उभार आले नाहीत. नुसती शांत रेघ चालली होती. माझ्या मनात आलं, मुलीसमोर मानावं लागणार.

विसाव्या मिनिटाला लाट मोडली. कपाळाच्या पेनांनी बुडी मारली. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा.

मी सवयीने कागदावर लिहिलं, 'डोळे उघडले'. मग मान वर करून काचेतून पाहिलं.

डोळे मिटलेले होते.

मी कागद पाहिला. पापणी लवत होती. मी काचेतून पाहिलं. पापण्या स्थिर होत्या, लहान मुलाच्या झोपेत असतात तशा.

"लिहिलेलं खोडा काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळे मिटलेच आहेत की त्यांचे."

मी खोडलं. इतक्या वर्षांत आलेखावरचं लिहिलेलं मी पहिल्यांदा खोडलं.

३

वाटी हलली असेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. संध्याकाळी त्या गेल्यावर एकवीसच्या एकवीस तारा तपासल्या. एकही तुटलेली नव्हती. पेनांची शाई, बटणं, जोडण्या, सगळं जिथल्या तिथे होतं. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याचा आलेख होता, फिट येणारा गडी. त्याचे डोळे मिटलेले तेव्हा कागदावर मिटलेले, उघडे तेव्हा उघडे.

माणूस पापण्या न हलवता आतल्या आत बुबुळं फिरवू शकतो. मला ते माहीत आहे. पण तेव्हा कातडीखाली गोळा सरकताना दिसतो. आणि त्याची रेघ वेगळी येते. पापणी लवल्याची रेघ मी लाखभर वेळा पाहिली आहे. मी तिला दुसरं काही समजणार नाही.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. या वेळी मी तिच्या दोन्ही पापण्यांवर कापसाची घडी ठेवली आणि वरून हलकी पट्टी लावली. लहान मुलं डोळे मिचकावतात तेव्हा आम्ही असं करतो.

"आंधळी कोशिंबीर खेळायची का या वयात?" ती म्हणाली.

"बोलू नकोस. जबडा हलतो."

विसाव्या मिनिटाला पेनांनी बुडी मारली. मी आत गेलो. खुर्चीपाशी वाकून तिच्या डोळ्यांवरच्या कापसाकडे पाहत राहिलो. दार उघडं ठेवलं होतं. बाहेर पेनं वाजत होती. खर्र. चार-पाच सेकंदांनी पुन्हा खर्र. कापसाचा तंतूही हलत नव्हता.

आणि मला असं वाटलं की मी एका जाग्या माणसाच्या चेहऱ्याच्या फार जवळ तोंड नेऊन उभा आहे. मी मागे झालो. स्वतःचाच राग आला. ती माझी बायको होती आणि तिच्या डोळ्यांवर कापूस होता.

४

तिसऱ्या वेळी मी ठरवून केलं. डॉक्टरीणबाईंना यंत्रापाशी बसवलं. तिला काही सांगितलं नाही, त्यांनाही नाही. पेनांची बुडी सुरू झाली तसा चपला काढून आत गेलो.

दार तिच्या डाव्या हाताला. मी दारापासून समोरच्या बाजूने उजव्या भिंतीपर्यंत गेलो. थांबलो. वीस आकडे मोजले. परत आलो. पुन्हा गेलो. मध्येच, तिच्या अगदी समोर, थांबलो. मग तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. पावलांचा आवाज नव्हता. माझ्या चालण्याला आवाज नाही. आजाऱ्यांच्या खोल्यांत आयुष्य गेलं माझं.

"काय करताय काका?" काचेपलीकडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दिव्याची तार बघतोय."

पाच वाजता त्या गेल्या. मी कागदाची घडी टेबलावर पसरली. कागदाचं एक पान म्हणजे दहा सेकंद. माझी वेळ मी घड्याळ पाहून हातावर लिहून ठेवली होती.

मी दाराशी होतो तेव्हा कानशिलांच्या रेघा जवळ आलेल्या. मी उजव्या भिंतीपाशी गेलो तेव्हा फाकलेल्या. मी समोर थांबलो तेव्हा सरळ. गेलो, आलो, गेलो. प्रत्येक वेळी. माझं चालणं त्या कागदावर जसंच्या तसं उतरलं होतं.

मी पाठीमागे गेलो त्या पानावर रेघा आधी खूप फाकल्या, मग सरळ झाल्या. जणू वाट पाहायला लागल्या.

मी कागदाची घडी केली आणि घरी गेलो.

ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"तू बसतेस तेव्हा तुला काय दिसतं?" मी विचारलं.

तिने हातातली चादर खाली ठेवली. अठरा वर्षांत मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारत होतो.

"आधी काही नाही. मग खोली दिसते."

"डोळे मिटून?"

"हो. तुम्ही दिसता. आज चपला काढून फिरत होतात. चोरासारखे." ती हसली. "शर्टाच्या पाठीला पेस्ट लागलीय तुमच्या."

मी शर्ट काढून पाहिला. लागली होती. पण पाठ तिच्याकडे होती तेव्हा तिने डोळे मिटून पाहिली, की घरी आल्यावर पाहिली, ते मला सांगता येणार नाही.

"कुठून बघतेस?"

"तसं काय सांगू. खुर्चीतूनच. पण जरा कडेला सरकून. आत जागा मोकळी करावी लागते. तेव्हाच स्वच्छ दिसतं."

"आणि ती मोकळी जागा?"

"ती तशीच राहते. मी उठते तेव्हा परत येऊन बसते तिथे."

"आता जायचं नाही," मी म्हटलं.

"का?"

तिने ठेवलेली चादर उचलून मी घडी घालायला लागलो. मला कारणाशिवाय बोलायची सवय नाही.

"डॉक्टरीणबाईंना दोन तासांची बैठक हवीय पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "मी हो म्हटलंय. आणि खरं सांगू? तुम्ही आत्ता जसं विचारलंत ना, तसं कोणी विचारेल म्हणून मी अठरा वर्षं वाट पाहिली. आता तुम्हीच नको म्हणता?"

नको म्हणून ठाम उभं राहायला हवं होतं. आयुष्यभर लहानसहान गोष्टींवर मी ठाम उभा राहिलो.

५

दोन तासांच्या बैठकीला डॉक्टरीणबाईंनी नवा कागद चढवला होता. पहिला तास रोजच्यासारखा गेला. बुडी, नजर, बुडी. मी मुद्दाम बाहेर बसलो होतो. मला तिच्या नजरेखाली फिरायचं नव्हतं.

एक तास दहा मिनिटं झाली आणि कानशिलांच्या रेघा फाकल्या. खूप. म्हणजे नजर अगदी उजवीकडे, टोकाला. मी काचेतून पाहिलं. उजवीकडे भिंत होती. भिंतीवर काही नव्हतं.

रेघा थोड्या जवळ आल्या. थांबल्या. पुन्हा थोड्या जवळ. थांबल्या. मला ही रेघ ओळखीची होती. आदल्या आठवड्यात मी टेबलावर पसरून पाहिली होती. माणूस चालतो तेव्हा अशी उमटते.

पण मी बाहेर होतो.

"सुंदर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बघा ना काका, किती जागृत मेंदू आहे."

कपाळाची पेनं आता भराभर बुडत होती. सेकंदाला दोन. तीन. आमच्याकडे इंजेक्शनला घाबरणारी मुलं यायची, त्यांच्या पापण्या अशा लवतात.

मी दार उघडून आत गेलो. आत काही नव्हतं. दिवा, खुर्ची, ती. चेहरा शांत. हात मांडीवर. मी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. पाठीमागे पेनांचा आवाज वाढत होता. खर्र खर्र खर्र खर्र. मी आडवा उभा राहूनही काही फरक पडला नाही. जे काही होतं ते माझ्यामुळे अडत नव्हतं.

मग मी ते बोललो. दोन कारणं होती. एक, सवय. आलेख पापण्यांनी बिघडायला लागला की इतकी वर्षं मी हेच बोलत आलो. दुसरं, ती घाबरली होती. घाबरलेल्या माणसाला आपण सांगतो, बघू नकोस.

"डोळे मिटा," मी म्हटलं.

पेनं थांबली. मग मागच्या पेनांची एकसारखी कुजबुज सुरू झाली. सेकंदाला दहा.

"वा काका," बाहेरून आवाज आला. "आल्फा परत आली."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि छान हसली.

"झालं?" तिने विचारलं.

"अजून पन्नास मिनिटं आहेत," मी म्हटलं.

"माझं झालं," ती म्हणाली.

मी वाट्या काढायला हात पुढे केला आणि थांबलो. तिचे डोळे उघडे होते. ती खोली पाहत होती, दिव्याकडे, काचेकडे, स्वतःच्या हातांकडे. दाराबाहेर पेनं कुजबुजत होती. लाट मोडलीच नव्हती.

मी बाहेर जाऊन कागद पाहिला. कंगव्याचे दात. पानामागून पान. कपाळाच्या पेनांवर एक बुडी नाही.

"काही जणांची राहते काका डोळे उघडल्यावरही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुरलेले साधक असले तर. हेच तर मला हवं होतं."

काचेपलीकडे ती बसली होती. तिची पापणी लवली. मी पेनांकडे पाहिलं. पेनं सरळ चालली होती.

६

घरी काही वावगं नव्हतं. हे मला सांगितलंच पाहिजे. ती बोलत होती, घर आवरत होती, शेजारणीजवळ तिच्या मुलाची नाव घेऊन चौकशी करत होती. कुठली वस्तू कुठे आहे, हे तिला ठाऊक होतं.

ध्यान मात्र बंद झालं. मागच्या खोलीत तिने इस्त्रीचं टेबल ठेवलं.

"बसत नाहीस?" मी विचारलं.

"आता कशाला?"

कपात चहाचा शेवटचा घोट ठेवायची तिला खोड होती. चव्वेचाळीस वर्षं मी त्यावरून बोललो. आता कप रिकामा असायचा. मला टोमणे मारायची, ते थांबलं. मी म्हणेन त्याला हो म्हणायची. मी उठून खिडकीपर्यंत गेलो की मान तशीच ठेवून नुसत्या डोळ्यांनी मागे यायची.

रविवारी मुलगी आली.

"आई किती छान झालीय," ती मला बाहेर येऊन म्हणाली. "किती शांत. आणि बाबा, तुम्ही काहीतरी कबूल करणार होता म्हणे माझ्यासमोर?"

"आईने सांगितलं?"

"मागे फोनवर सांगितलं होतं. आज विचारलं तर म्हणाली, काही आठवत नाही."

"झोप नव्हती ती," मी म्हटलं. "मी चुकीचा होतो."

मुलगी हसायला लागली. "अहो मग आत जाऊन सांगा ना. ती किती वाट बघत होती."

मी आत गेलो नाही. जिला सांगायचं ती आत होती की नाही, याची मला खात्री नव्हती. मुलीला हे कसं सांगणार? मला म्हातारचळ लागला म्हणाली असती. मीही स्वतःला तेच म्हणत होतो. पण मी कागद पाहिला होता.

७

शनिवारी दुपारी विभाग बंद असतो. किल्ली माझ्याकडे होती.

"एकदा चल," मी तिला म्हटलं. "शेवटचं."

"चला की," ती म्हणाली.

मोजलं, खुणा केल्या, वाट्या लावल्या. तेच डोकं, तेच माप. खोक होती तिथे होती. ती एक शब्द बोलली नाही. पूर्वी मला पेस्टवरून ऐकवायची. मी यंत्र ओढून दारापर्यंत आणलं, म्हणजे कागद आणि ती दोन्ही दिसतील.

ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होती. कागदावर डोळे मिटल्याची लाट चालली होती.

रुग्णांना म्हणतो तसं म्हणायचं नव्हतं मला. मी तिला घरी बोलतो तसं बोललो.

"अगं, उघड डोळे. मी आहे."

खुर्चीतली बाई हसली. "उघडेच आहेत."

लाट मोडली.

कपाळाच्या पेनांनी बुडी मारली. खुर्चीतल्या बाईची पापणी लवली नव्हती. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. कानशिलांच्या रेघा फाकल्या, जवळ आल्या, फाकल्या, जवळ आल्या. अंधाऱ्या खोलीत जाग आलेला माणूस असा शोधतो. मी यंत्र सोडून दोन पावलं पुढे गेलो आणि खुर्चीच्या अगदी समोर उभा राहिलो. रेघा सरळ झाल्या. थांबल्या.

"मी दिसतोय का? दिसत असेन तर पापणी दोनदा हलव."

खर्र. खर्र.

मी कागदाकडे वळून पाहिलं. दोन बुड्या. शेजारी शेजारी.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "मी मिटायला सांगायला नको होतं. आता सांग, तुला परत बसता येईल का तिथे? येत असेल तर दोनदा."

पेनं काही वेळ सरळ चालली. मग एक बुडी आली. एकच. मी दुसरीची वाट पाहिली. दुसरी सुरू झाली असावी. पेन खाली निघालं होतं.

त्याच वेळी खुर्चीतल्या बाईने हात वर केला आणि कपाळावरच्या दोन वाट्या उपटल्या. मी लावलेली वाटी सहज निघत नाही. कातडी निघाली. पेनं कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकली गेली. मग तिने कानशिलांच्या काढल्या. मग बाकीच्या, एकेक, मी काढतो त्याच क्रमाने, आणि माझ्या ट्रेमध्ये नीट ओळीने ठेवल्या.

कपाळावरून दोन बारीक ओघळ आले होते. तिने ते पुसले नाहीत.

"चला आता घरी," ती म्हणाली. "पुन्हा नको. डोकं दुखतं."

८

पुढच्या महिन्यात नवीन यंत्र आलं आणि जुनं भंगारात गेलं. मी निवृत्त झालो. निरोपाला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. काकूंचा आलेख सगळ्यांत चांगला निघाला म्हणाल्या. पुन्हा एकदा याल का, असं त्यांनी तिला विचारलं. ती नको म्हणाली. इतक्या गोड शब्दांत म्हणाली की डॉक्टरीणबाईंनीच तिची माफी मागितली.

आता दिवसभर आम्ही दोघं घरात असतो. मी कधी फार बोलणारा माणूस नव्हतो. आता बोलतो. मी कुठे आहे ते सांगत राहतो. मी खिडकीपाशी आहे. मी पेपर वाचतो आहे. मी तुझ्या समोरच्या खुर्चीवर बसलो आहे, हिरवा शर्ट घातला आहे. शेजारच्यांना वाटतं म्हातारा बरळतो. वाटू दे. तिला झोपाळू म्हणालो, ते चुकलं, हेही मी रोज मोठ्याने सांगतो.

ती कपाळावरचे केस सारखे करत ऐकत असते. तिथे दोन गोल डाग राहिले आहेत.

काल दुपारी मी म्हटलं, "मी इथे दाराशी उभा आहे. घाबरू नकोस."

"कोणाला सांगताय?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी दारापासून खिडकीपर्यंत गेलो.

"मला सगळं दिसतंय," ती म्हणाली. "तिला कशाला त्रास देता?"